म्हाताऱ्या गिनी पिगची भूक मंदावली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच-सहा वर्षांचा गिनी पिग खायला टाळाटाळ करू लागला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वय झालंय त्याचं." ते ऐकून बाकीचेही गप्प बसतात आणि त्या शांततेत दोन-तीन दिवस निघून जातात. वयामुळे गिनी पिग हळू चालेल, जास्त झोपेल, कोपरा धरून बसेल. खाणं मात्र तो वयामुळे सोडत नाही. त्यामागे काहीतरी दुखणं असतं, आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं, पुष्कळदा बरंही करता येतं. पुढची सगळी उत्तरं याच भरवशावर लिहिली आहेत.

तुमच्या गिनीने अर्ध्या दिवसापासून तोंडाला काहीच लावलं नसेल, तर हे नंतर वाचा. आधी डॉक्टरांना फोन करा.

गिनी पिग म्हातारा झाला हे कधी समजायचं?

गिनी पिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतात. चौथं वर्ष सरलं की उतारवय लागलं असं धरा. दुकानातून आणलेल्या किंवा कुणीतरी सोडून दिलेल्या प्राण्याचं नेमकं वय कळत नाही. अशा वेळी जाड झालेली, वाकडी वाढणारी नखं, पाठीवर हाताला लागणारा कणा आणि कमी झालेल्या उड्या यांवरून अंदाज बांधावा लागतो. चार वर्षांनंतर दर आठवड्याला वजन आणि वर्षातून दोनदा डॉक्टरांकडून तपासणी, एवढं ठरवून टाका.

वय झालं की भूक थोडी कमी होणारच ना?

थोडी, हो. हालचाल कमी झाली की पेलेट (गिनी पिगसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) दोन-चार कमी खाल्ले जातात. पण गवत चघळणं दिवसभर चालूच राहिलं पाहिजे. फ्रिज उघडल्याचा किंवा कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की शिट्ट्या मारणारा प्राणी आता मान वळवून बसत असेल, तर तो आजारी आहे.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारतील: त्याला खावंसं वाटत नाहीये, की खावंसं वाटतंय पण खाता येत नाहीये? भाजी दिसली की पुढे येतो, हुंगतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो, असं असेल तर संशय तोंडावर. भाजीकडे बघतच नाही, अंग फुलवून कोपऱ्यात बसतो, तर पोट, मूत्राशय, सांधे, छाती किंवा दुसरं काही दुखतंय. मोबाईलवर खातानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात घाबरलेला प्राणी काहीच खाऊन दाखवत नाही, तेव्हा तो व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

कुत्रा-मांजर एखादा दिवस उपाशी राहतात. मग गिनी पिगच्या बाबतीत एवढी घाई कशाला?

त्याच्या पोटाची घडणच वेगळी आहे. गवतातला चोथा पचवण्याचं काम त्याच्या अंधनालेत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भल्यामोठ्या पिशवीत, जिवाणू करतात. आत सतत चोथा येत राहिला तरच आतडी हलत राहतात. खाणं थांबलं की आतड्यांची हालचाल मंदावते, आत वायू साठतो, चांगले जिवाणू मरतात आणि नको ते वाढतात. पोट दुखू लागलं की उरलीसुरली भूकही जाते. शिवाय उपाशी शरीर चरबी वितळवायला लागतं आणि ती यकृतावर जाऊन बसते. लठ्ठ गिनी पिगला हा धोका जास्त.

म्हणून १२ तासांत काहीच खाल्लं नाही, किंवा लेंड्या बंद झाल्या, तर डॉक्टर. २४ तास म्हणजे जिवावर बेतण्याची वेळ. रात्री दहाला लक्षात आलं तर सकाळपर्यंत वाट न बघता रात्रीच भरवायला सुरुवात करा (कसं ते पुढे सांगितलं आहे, पण त्याआधी पोट फुगलंय का ते पाहा).

भाजी तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटीही ओली असते. काय झालं असेल?

दाढा. म्हाताऱ्या गिनी पिगमध्ये न खाण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारंही.

गिनी पिगला २० दात असतात: पुढे वर-खाली दोन-दोन पटाशीचे आणि मागे १६ दाढा. हे सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात. गवत खाताना वरच्या आणि खालच्या दाढा जात्याच्या दगडांसारख्या एकमेकींवर घासतात आणि वाढ तिथल्या तिथे झिजते. गवत कमी आणि पेलेट किंवा मऊ भाजी जास्त, असं वर्षानुवर्षं चाललं की झीज कमी पडते. खालच्या दाढा आतल्या बाजूला कलून वाढतात, जिभेवर दोन्हीकडून कमान धरतात आणि जीभ खाली अडकते. मग घास मागे ढकलताच येत नाही. वरच्या दाढा बाहेर वाढून गालाला टोचतात. कधी दाढेची मुळं उलट दिशेनेही वाढतात. खालच्या जबड्यावर बारीक उंचवटे हाताला लागतात, डोळ्यातून पाणी येतं.

लक्षणांचा एक क्रम असतो. आधी वाळलं गवत सुटतं. मग पेलेट. मग गाजरासारखं कडक काही. शेवटी फक्त काकडी आणि कोथिंबिरीची कोवळी पानं उरतात. "आमचा भाज्या आवडीने खातो, फक्त गवत नको म्हणतो," असं कुणी सांगितलं की मला काळजी वाटते. ती आवडनिवड नसते, दुखणं असतं. याबरोबर लाळेने ओली हनुवटी, चघळताना जबड्याची विचित्र हालचाल आणि नेहमीपेक्षा बारीक लेंड्या दिसतात.

पुढचे दात तर छान दिसतात. तरीही दाढा वाढल्या असतील?

हो. पुढचे दात बघून मागचं काही कळत नाही. गिनी पिगचं तोंड अरुंद, गाल आत वळलेले. बॅटरी मारून घरी दाढा दिसत नाहीत. डॉक्टर कान तपासायच्या उपकरणाने आत डोकावतात, पण जाग्या प्राण्यात त्यांनाही सगळं दिसत नाही. नीट बघायचं तर गुंगी देऊन आणि डोक्याचा एक्स-रे काढून.

पटाशीचे दात घरीच नेलकटरने कापले तर?

अजिबात नको. दात उभा चिरतो, मुळापर्यंत फट जाते, जंतुसंसर्ग होतो. शिवाय पुढचे दात लांबले असतील तर बहुतेक वेळा मूळ दोष दाढांमध्ये असतो, आणि तो तसाच राहतो.

या वयात भूल द्यायची म्हणजे भीती वाटते.

वाटणारच, आणि ती अनाठायी नाही. म्हाताऱ्या प्राण्याला भुलेचा धोका तरुणापेक्षा जास्त असतो. पण दाढांनी जीभ अडकलेला प्राणी भूल न देता उपाशीच मरतो, हे दुसऱ्या पारड्यात ठेवून बघा. अनुभवी हात असतील तर दाढा घासण्याचं काम थोड्या वेळात होतं. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आधी किती गिनी पिग किंवा ससे केलेत, शुद्धीवर येईपर्यंत अंग गरम कसं ठेवता, आणि वेदनाशामक किती दिवस देणार.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. माणसाला किंवा कुत्र्याला भुलेआधी रात्रभर उपाशी ठेवतात. गिनी पिगला ओकारी करताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी तो नियम लागू नाही. रात्रभरचा उपास त्याच्या आतड्यांना घातकच ठरतो. तोंड रिकामं राहावं म्हणून डॉक्टर शेवटचा थोडा वेळ खाणं बंद करायला सांगतील, तेवढंच. "रात्रीपासून काही देऊ नका," असं कुणी सांगितलं तर नम्रपणे पुन्हा विचारून घ्या.

आणि दाढा एकदा बिघडल्या की पुन्हा वाढतात. काहींना दर एक-दोन महिन्यांनी हेच करावं लागतं. ही तयारी मनाशी आधी करा.

दात तपासले, ठीक आहेत. मग काय असू शकतं?

लघवी करताना किंचाळतो का, लघवीत रक्त आहे का, बघा. मूत्राशयात खडे होणं या वयात फार आढळतं. हे खडे बहुधा कॅल्शियमचे असल्यामुळे एक्स-रेत स्वच्छ दिसतात. दुखण्यामुळे प्राणी खाणं सोडतो आणि माणसं पोटाचं औषध देत बसतात.

मादी असेल तर अंडाशयातल्या पाण्याच्या गाठी. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होणं, पोट बाजूंनी गोल दिसणं, स्वभाव चिडका होणं ही खूण. सोनोग्राफीत निदान होतं. सगळ्याच गाठी त्रास देत नाहीत, पण मोठ्या झाल्या की पोटावर दाब येतो आणि खाणं कमी होतं.

गुडघ्यांचा संधिवात, तळपायांना पडलेल्या जखमा, हृदयाचा त्रास, न्यूमोनिया ही आणखी कारणं. श्वासाचा आवाज येत असेल, नाकाला-डोळ्याला चिकट स्राव असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि एक उलटा प्रकारही असतो: अधाशासारखा खातो, तरी वजन उतरतच जातं. तेव्हा थायरॉईड वाढलाय का ते तपासायला सांगा.

वजन किती वेळा करायचं?

एरवी आठवड्यातून एकदा, आजारात रोज, शक्यतो सकाळी खाण्याआधी एकाच वेळी. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल काटा आणि त्यावर एक टोपली, एवढं पुरतं. वहीत तारीख आणि आकडा लिहा.

मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. लघवी, पोटातलं खाणं यामुळे वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतं, ते सोडून द्या. ५० ग्रॅम उतरलं तर रोज वजन करायला लागा आणि खाण्यावर बारीक नजर ठेवा. १०० ग्रॅम उतरलं तर तो कितीही टुणटुणीत दिसो, डॉक्टरकडे न्या. गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी आहे, आजार लपवणं त्याच्या रक्तात आहे. डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी काट्यावर दिसतं. दाट केसांच्या जातींमध्ये तर हाडं वर आलेली हाताने चाचपल्याशिवाय कळतच नाहीत.

व्हिटॅमिन सी कमी पडल्यानेही भूक जाते का?

जाते. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरातही हे जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या नॉर्वेतल्या दोघा संशोधकांना गिनी पिगमध्ये स्कर्व्ही आढळली आणि त्यातूनच पुढे या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. आपल्या आजारांचं औषध ज्या प्राण्यामुळे सापडलं, त्याला ढोबळी मिरचीची एक फोड रोज मिळावी एवढं देणं आपण लागतोच.

कमतरतेत सांधे दुखतात, उचललं की ओरडतो, हिरड्यांतून रक्त येतं, केस राठ होतात आणि भूक मंदावते. रोजची गरज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. आजारपणात डॉक्टर त्याहून जास्त देतात. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या फोडीत दिवसाची गरज भागते. पिकलेली लाल मिळाली तर आणखी उत्तम. पेरूत भरपूर असतं, पण साखरही असते. आठवड्यातून एक-दोन छोट्या फोडी पुरे. कोथिंबीर रोज चालते.

पाण्यात घालायचे थेंब मात्र घेऊ नका. उजेडात आणि पाण्यात ते झपाट्याने निकामी होतात, वर चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. पेलेटमधलं सीही काही महिन्यांत उतरतं. आपल्याकडच्या उकाड्यात आणि दमट हवेत लवकरच. मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

सिरिंजने भरवायचं कसं?

आधी पोटावर हात ठेवा. पोट ढोलासारखं टणक आणि फुगलेलं असेल तर भरवू नका, सरळ दवाखाना गाठा. मऊ असेल तर पुढे जा.

आजारी तृणभक्षी प्राण्यांसाठी तयार मिळणारी पावडर सर्वांत चांगली. ऑक्सबोची 'क्रिटिकल केअर' आपल्याकडे ऑनलाइन मिळते. म्हातारा गिनी पिग घरात असेल तर एक पाकीट आधीच आणून ठेवा, कारण गरज पडते ती रविवारी रात्री. नसेल तर त्याचेच नेहमीचे पेलेट मिक्सरमधून बारीक करा, चाळून घ्या, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि सिरिंजमधून न अडकता बाहेर येईल इतकं सैल करा. चवीला चमचाभर उकडलेला लाल भोपळा किंवा कोथिंबिरीचं पाणी. लहान बाळांचं तयार खाणं, दूध-पोळी, भाताची पेज यांतलं काही नको. त्यात चोथा नसतो, आणि याच्या आतड्यांना हवा असतो तो चोथाच.

१ मिलीच्या सिरिंजचं टोक कापून कडा घासून गुळगुळीत केली की घट्ट मिश्रणही सहज येतं. टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून मांडीवर बसवा, तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली. पाठीवर कधीही उताणं करू नका. घास श्वासनलिकेत जातो. सिरिंज समोरून न घालता ओठांच्या कडेने, पटाशीच्या दातांमागे जी मोकळी जागा आहे तिथून आत सरकवा. अर्धा ते एक मिली सोडा. चघळू द्या, गिळू द्या, मगच पुढचा घास. तो चघळत नसेल तर थांबा.

दिवसभरात मिळून शरीराच्या दर किलोमागे साधारण ५० ते ८० मिली, ते चार ते सहा वेळांत वाटून. म्हणजे ९०० ग्रॅमच्या गिनीला एका वेळी दहा-बारा मिली. पहिल्या दिवशी एका वेळी पाचच मिली गेलं तरी हरकत नाही, दर दोन तासांनी पुन्हा बसा. मध्ये मध्ये थोडं पाणी. संपल्यावर हनुवटी आणि गळा ओल्या कापडाने पुसा, नाहीतर वाळलेलं मिश्रण कातडीला चिकटून जखम होते.

धडपड करेल, मान फिरवेल, तुमच्या कपड्यांवर सगळं उडेल. पहिले दोन दिवस अवघड जातात, मग दोघांनाही सवय होते. भरवायच्या आधी आणि नंतर ताजं गवत आणि कोथिंबीर नाकासमोर ठेवाच. स्वतःहून एक काडी जरी खाल्ली तरी ती सिरिंजमधल्या दहा मिलींपेक्षा मोलाची, कारण त्याने दाढाही झिजतात.

भरवतोय ते पचतंय का हे कसं कळणार?

लेंड्या मोजा. नाक मुरडायचं कारण नाही, यासारखी दुसरी चाचणी घरी नाही. टपोऱ्या, लांबट, गडद रंगाच्या लेंड्या म्हणजे आतडी चालू आहेत. बारीक, कोरड्या, टोकदार म्हणजे आत कमी जातंय. केसांनी माळेसारख्या जोडलेल्या असतील तर आतडी मंद आहेत. पातळ शौच झालं तर भरवणं चालू ठेवून लगेच डॉक्टरांना सांगा.

पोट फुगलंय. बाळाचं गॅसचं औषध देऊ का?

सिमेथिकोन असलेले थेंब सहसा अपाय करत नाहीत, पण त्यावर विसंबून रात्र काढू नका. फुगलेल्या पोटामागे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तेव्हा तासातासाचा प्रश्न असतो. पोट चोळून, दाबून वायू काढायचा प्रयत्नही करू नका.

घरात असलेली माणसांची औषधं चालतील का?

नाही. तापाची-दुखण्याची गोळी नाही, अँटिबायोटिक तर मुळीच नाही.

याविषयी थोडं जास्त सांगायला हवं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली इतर औषधं, तसंच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन, गिनी पिगच्या आतड्यांतले उपयोगी जिवाणू मारून टाकतात. मागे राहिलेले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू विष तयार करतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. ही औषधं कुत्र्या-मांजरांना, गाई-म्हशींना सर्रास दिली जातात, त्यामुळे गिनी पिग क्वचितच बघणाऱ्या दवाखान्यात ती सवयीने लिहिली जाऊ शकतात. चिठ्ठी हातात आली की नाव वाचा आणि विचारा, "डॉक्टर, हे गिनी पिगला चालतं ना?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. गिनी पिगसाठी एन्रोफ्लॉक्सासिनसारखे दुसरे पर्याय असतात आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम पुष्कळ डॉक्टर देतात. मात्रा त्यांनीच वजनावरून ठरवायची. नुसती भूक वाढवणारी औषधं घेऊन येऊ नका. दुखणं थांबलं की भूक बहुतेक वेळा आपोआप परतते.

आमच्या गावात गिनी पिग बघणारे डॉक्टरच नाहीत. कुठे जायचं?

छोट्या शहरांतली ही खरी अडचण आहे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गुरांचे जाणकार असतात, त्यांच्याकडून गिनी पिगच्या दाढा घासण्याची अपेक्षा धरणं योग्य नाही. पण पाणी चढवणं, एक्स-रे, वेदनाशामक एवढं जवळच्या दवाखान्यातही होऊ शकतं, आणि पुष्कळदा जीव त्यानेच वाचतो.

पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं हा दुसरा मार्ग. मुंबईत परळला १८८६ सालापासून महाविद्यालय आहे. जुने मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते तिथलंच. नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यात शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून ससे-गिनी पिग बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा. पुण्या-मुंबईत खासगी डॉक्टर आता बऱ्यापैकी सापडतात. प्राणी धडधाकट असतानाच हा शोध घेऊन नंबर जपून ठेवा. प्रवासात सोबत गवत, काकडीच्या फोडी आणि ओळखीचं अंथरूण असू द्या.

टिमोथी गवत परवडत नाही. आपल्याकडचं काय चालेल?

गिनी पिगला सहसा देतात ते आयात केलेलं वाळलेलं टिमोथी महाग आहे आणि दर वेळी मिळेलच असं नाही. आपल्याकडे हरळी आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. ताज्या हिरव्या दूर्वा बहुतेक गिनी पिग जीव लावून खातात आणि आजारातून उठणारा प्राणी पहिल्यांदा तोंड लावतो तेही बऱ्याचदा याच गवताला. फवारणी झालेली जागा, रस्त्याची कड, कुत्री फिरतात ती मैदानं टाळा. धुऊन, पाणी निथळून द्या. वाळवून ठेवायच्या तर सावलीत वाळवा. मक्याच्या कणसाची हिरवी सालं, ओटचं वाळलेलं गवत हेही चांगलं.

लसूणघास (अल्फाल्फा) मात्र म्हाताऱ्याला नेहमीची नको. तिच्यात कॅल्शियम जास्त असतं आणि खड्यांना निमंत्रण मिळतं. अगदीच हाडकुळा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारून थोडे दिवस देता येते. भाताचा पेंढा आणि गव्हाचा भुसा यांवर प्राणी जगू शकत नाही, ते अंथरायला ठीक.

पावसाळ्यात गवताला बुरशी येते, वास घेऊनच द्या. कुबट वास आला की सगळी पिशवी फेकून द्या. दुकानदाराने काहीही सांगितलं तरी उन्हात वाळवून ते परत चांगलं होत नाही.

दात कमजोर आहेत. भाज्या कशा द्यायच्या?

ढोबळी मिरची, गाजर, काकडी लांब बारीक पट्ट्या करून; किसून दिलं तर रस सुटतो आणि काही प्राणी तोंड लावत नाहीत. पाने देठांसकट, पण देठ छोटे कापून. पालक रोज नको, खड्यांचा त्रास असेल तर अजिबात नको. कोबी-फ्लॉवरने वायू होतो. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोची पानं वर्ज्य. पोळी, बिस्किट, भिजवलेली डाळ आजी-आजोबा प्रेमाने देतात, त्यांना हात जोडून नाही म्हणा आणि त्याऐवजी कोथिंबिरीची काडी त्यांच्या हातात द्या.

उन्हाळ्यात दरवर्षी खाणं कमी होतं. हे नेहमीचंच ना?

नेहमीचं आहे म्हणून निर्धोक नाही. गिनी पिगला १८ ते २४ अंश तापमान मानवतं. तिशीच्या जवळ गेलं की उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. म्हातारं शरीर उष्णता आणखीनच कमी सोसतं. पिंजरा बाल्कनीतून आत, फरशीवर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत आणा. कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली एका बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर जाता येईल. मातीचं कौल किंवा फरशीचा तुकडा बसायला द्या. खाणं पहाटे आणि रात्री द्या.

आडवा पडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करत दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

नराच्या मागच्या बाजूला लेंड्यांचा गोळा अडकतो आणि वास येतो. त्याने भूक जाते का?

म्हाताऱ्या नरांमध्ये हे बरंच होतं. तिथले स्नायू सैल पडतात आणि मऊ लेंड्या साठून राहतात. या मऊ लेंड्या एरवी गिनी पिग स्वतःच खातो आणि त्यांतून त्याला ब जीवनसत्त्वं मिळतात. त्या अडकल्या की पोषणही जातं आणि दुखतंही. कोमट पाणी आणि थोडं खोबरेल तेल लावून, मऊ झाल्यावर हळुवार बोटांनी बाहेर काढा. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या. मग रोज किंवा एक दिवसाआड हे काम तुमचं, आयुष्यभर. जवळून नीट दिसू लागलं की किळस जाते.

पिंजऱ्यात काही बदल करायला हवेत का?

गवत आणि पाणी त्याच्या झोपायच्या जागेपासून दोन पावलांवर ठेवा. सांधे दुखणारा प्राणी पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाण्यापेक्षा उपाशी बसतो. बाटलीला मान वर करता येत नसेल तर पसरट, जड वाटी द्या. वरचे मजले, उतार काढून टाका. खाली जाळी नको, मऊ कापड हवं आणि ते कोरडं.

आता थांबावं, हे कधी ठरवायचं?

वेदनाशामक चालू असूनही स्वतःहून काही खात नाही, भरवलेलं गिळत नाही, वजन रोज उतरतंय, जागेवरून हलत नाही, श्वास घ्यायला कष्ट होतात: यांतलं दोन-तीन एकदम आणि दिवसेंदिवस असेल तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. आधी गुंगी देऊन मग इंजेक्शन द्यावं, असं सांगा. चांगल्या आणि वाईट दिवसांची नोंद वहीत असेल तर निर्णय नुसत्या भावनेच्या भरात होत नाही. हा निर्णय घेणं म्हणजे हार मानणं नव्हे आणि कुणाला त्याबद्दल स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. घरात मुलं असतील तर त्यांच्यापासून लपवू नका, त्यांना खरं सांगा.

एक गेला आणि आता दुसरा खात नाही.

गिनी पिग कळपात राहणारा प्राणी आहे, जोडीदार गेल्यावर काही जण एक-दोन दिवस गप्प होतात. पण "दुःखात आहे" म्हणून उपाशी राहू देऊ नका. १२ तासांचा नियम त्यालाही लागू आहे. त्याचंही वजन करा आणि तपासणीही करून घ्या, कारण दोघं एकत्र राहत होते, पहिल्याचा आजार सांसर्गिक असेल तर याच्यातही असू शकतो. जमलं तर जोडीदाराचं शरीर थोडा वेळ त्याच्याजवळ ठेवा. बरेच जण हुंगून बाजूला होतात आणि त्यानंतर शोधत फिरत नाहीत. जोडीदाराचं अंथरूण लगेच धुऊ नका, मात्र आजार सांसर्गिक होता असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर लगेच बदला. नवा सोबती आणायचा असेल तर त्याला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून तपासून घ्या, आणि शक्यतो शांत स्वभावाचा, वयाने मोठा आणा. उड्या मारणारं पिल्लू म्हाताऱ्याला दमवतं आणि त्याच्या वाटचं पेलेटही संपवतं.